हरवलेल्या भागातली सुकाणूवाली

७ फेब्रुवारी, शनिवार

संपादकांनी मला पाणीपुरवठ्यावरून उचलून मनोरंजनाच्या पुरवणीत टाकलं. कारण असं दिलं की, फुटलेल्या जलवाहिनीच्या माझ्या बातमीत तीन उपमा होत्या आणि पाणी कधी येणार ते मात्र नव्हतं. आरोप खरा आहे. शाळेत संस्कृत मन लावून शिकलेल्या माणसाला फुटलेली जलवाहिनी नुसती फुटलेली दिसत नाही. पुरवणीत उपमांना मज्जाव नाही, पण तिथे त्या माझ्याआधीच येऊन बसलेल्या असतात, आणि बहुतेक चंद्राच्या असतात.

ही दैनंदिनी बातमीत न मावणाऱ्या गोष्टींसाठी. उदाहरणार्थ, आमचं मंडळ.

शनिवारी दुपारी चष्मेवाल्यांच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही चौघं जमतो. स्वतः चष्मेवाले, औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई, गणिताचे मास्तर आणि मी. चौघंही केस पिकलेले, आणि जमतो कशासाठी, तर लहानपणी टीव्हीवर लागणाऱ्या 'ध्रुवापलीकडे' या अंतराळातल्या मालिकेसाठी! एक जहाज, त्यातले खलाशी, आणि पुठ्ठ्याचे ग्रह, ज्यांचा रंग चित्रीकरणाच्या वेळी ओला होता हे आजही कळतं. सगळे भाग आम्हाला पाठ आहेत. फक्त एक भाग आमच्यापैकी कोणी पाहिलेला नाही. तो एकदाच दाखवला. त्या संध्याकाळी चष्मेवाल्यांकडे वीज नव्हती, बाईंकडे टीव्ही नव्हता, मास्तरांना शिक्षा म्हणून पाढे लिहायला बसवलं होतं. पुढे वाहिनीने ती टेप पुसून त्यावर फुटबॉलचा सामना भरला.

उरलाय तो नुसता आवाज, आणि तोही आमच्या घरच्या कॅसेटवर. मी तापाने फणफणलो होतो. भाग चुकणार म्हणून भोकाड पसरलं, तेव्हा ताईने टीव्हीपुढे माइक धरून अख्खा भाग टेप केला. मी डोळे मिटून कॉटवर पडलो होतो. म्हणजे मंडळाची सर्वांत पवित्र वस्तू ही माझ्या तापाची देणगी आहे. हे मी मंडळाला अधूनमधून ऐकवतो.

तो भाग ऐकायची आमची रीत आहे. पडदे ओढायचे, कॅसेट लावायची, डोळे मिटायचे. मध्येच जो डोळे उघडेल त्याने सगळ्यांचे कप विसळायचे. त्या भागात सगळे खलाशी झोपलेले आहेत. जागी आहे ती फक्त सुकाणूवाली. ती या एकाच भागात येते, विझलेल्या ताऱ्याजवळून जहाज एकटीने काढते आणि झोपलेल्यांशी बोलत राहते. सगळ्यात शेवटी म्हणते, "झोप आता. मी जागी आहे." हे वाक्य बाकीच्यांपेक्षा फार जवळून येतं, कानाशी बोलल्यासारखं. मास्तरांच्या मते तिथे माइक बदलला असावा. त्यानंतर खरखर, आणि चष्मेवाल्यांचं नाक शिंकरणं.

आता खरी बातमी. ही मालिका नव्याने काढतायत आणि सुकाणूवालीचं काम माझ्या भाचीला मिळालंय. सकाळी ताईने पाव कापता कापता हे सांगितलं, दूधवाला उद्या येणार नाही हे सांगावं तसं. मी मंडळात चकार शब्द काढला नाही. वाहिनी जाहीर करेपर्यंत गुपित पोटात ठेवायचं ठरलंय, आणि या वयात पोटात इतकं सुखाचं काही फार दिवसांनी राहिलंय.

येताना रस्त्यातल्या प्रत्येक दिव्याभोवती सोन्याचं कडं होतं. जग उतारवयात सुंदर होत जातं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

वाहिनीने गुरुवारी जाहीर केलं. आज मंडळात धुमश्चक्री.

आमच्या खोलीच्या भिंतीवर एक जुनं कॅलेंडर आहे, वाहिनीने त्या काळी वाटलेलं. त्यावर रंगवलेली सुकाणूवाली: दुधासारखी गोरी, रुपेरी केस, हातात सुकाणूचं चक्र. आम्ही तिला ओळखतो ते या चित्रावरून.

मास्तर वर्तमानपत्र नाचवतच जिना चढले. "बघितलंत? ही म्हणे सुकाणूवाली! ही?"

फोटोत भाची हसत होती. सावळी आहे, आईवर गेलीये. कामासाठी तिने नाव वेगळं घेतलंय, त्यामुळे ती माझी कोण हे इथे कोणाला ठाऊक नाही.

"मुलगी गुणी असेल हो," मास्तर म्हणाले. "माझा रंगाशी वाद नाहीच मुळी. माझा मुद्दा मूळ प्रतीशी इमान राखण्याचा आहे."

"मूळ प्रत कुठाय?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"ही काय, भिंतीवर!"

"चित्रकाराने तरी भाग पाहिला होता का?"

"न पाहता काढेल का माणूस?"

"माझ्या दुकानाच्या पाटीवरचा डोळा ज्याने काढलाय ना मास्तर, त्याने डोळा पाहिलेला नाही हे मी शपथेवर सांगतो."

औषधवाल्या बाई इतका वेळ छत्रीची मूठ चोळत होत्या. "जहाजावर जांभळे लोक होते, हिरवे होते, एकाला तीन कान होते. ते सगळं आपल्याला चाललं. माणसं मात्र झाडून सगळी एका रंगाची. हे तेव्हा नाही खटकलं कोणाला."

"जांभळा म्हणजे काही वंश नाही बाई. मेकअप आहे तो."

"तेच म्हणतेय मी. त्या मेकअपच्या आत कोण असायचं? काळेसावळे नटच ना? कप्तानाचं काम मागायला गेले असते तर फाटकावरून परत आले असते. जांभळा रंग फासला की चालतात."

"बरोबर आहे," चष्मेवाले म्हणाले. "मालिका म्हणायची की पुढच्या युगात माणसामाणसांत भेद नसेल. आणि भेद नसलेलं ते युग दाखवायला माणसं निवडली ती रंग बघून."

"हा धंदा आहे हो," मास्तर म्हणाले. "जे खपतं ते दाखवतात."

"काय खपतं ते मला विचारा," बाई म्हणाल्या. "खोकल्याच्या औषधापेक्षा गोरं करायचं क्रीम जास्त जातं माझ्याकडे. उन्हाळ्यात, हिवाळ्यात, बारा महिने."

"म्हणजे तुम्ही या मुलीच्या बाजूने?"

बाई कॅलेंडरकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही. ती अशीच होती, चित्रातल्यासारखी. दुसरी कशी असेल?"

मी बातमीदाराच्या कर्तव्याला जागून सांगितलं की वाहिनीच्या प्रसिद्धी अधिकाऱ्याचा मला फोन आला होता. जुने चाहते नाराज असतील तर लेखी कळवा, करार अजून व्हायचाय, चेहरा बदलता येईल, असं तो म्हणाला. अशा गोष्टी माणसाने सांगू नयेत हे सांगून झाल्यावर लक्षात येतं. पत्र धाडायचं ठरलं. लिहायचं कोणी? माझ्याकडे बोट. "तुमची भाषा वजनदार आहे," मास्तर म्हणाले.

म्हणजे माझ्या भाचीचं काम घालवणारं पत्र माझ्याच वजनदार भाषेत जाणार. डोळे शिणतात, थोडा वेळ द्या, असं सांगून मी मार्चपर्यंत मुदत मागून घेतली. खोटं नव्हतं ते. हल्ली अक्षरं धुक्यात उभी असतात.

१७ फेब्रुवारी

दुपारी ऑफिसात टेबलावरच डोळा लागला. नेहमीचंच स्वप्न. जहाज, निळसर अंधार, मी आडवा. सुकाणूवाली माझ्याकडे पाठ करून उभी. वेणी दिसते, मान दिसते, चेहरा कधीच दिसत नाही. एक हात चक्रावर. दुसऱ्या हातातून पाणी ठिबकतंय. अंतराळयानात पाणी कशाला? स्वप्नांत सगळंच तारतम्याने असतं तर त्यांना मंत्रालय म्हटलं असतं.

जाग आली तेव्हा समोर संपादक उभे होते. चेहरा त्यांचाही धूसरच दिसला. या बाबतीत मी तक्रार केली नाही.

२० फेब्रुवारी

भाची घरी आली. मी, ताई आणि ती, एवढंच आमचं घर. हल्ली तालमींमुळे ती पाहुण्यासारखी उगवते. माझ्या बशीतलं बिस्किट तिने आल्या आल्या उचललं.

"मामा, तुझ्या मंडळाला मी आवडले नाही म्हणे."

"कोणी सांगितलं?"

"प्रसिद्धीवाल्यांनी. पत्र येणार आहे म्हणे, वजनदार."

मला ठसका लागला. ताई स्टोव्हपाशी पाठ करून उभी होती, ती वळली नाही.

"मी काही लिहिलेलं नाही अजून," मी म्हटलं.

"अजून," भाची म्हणाली आणि दुसरं बिस्किट घेतलं. रागावली होती की नाही, सांगता येत नाही. तिला लहानपणापासून रागात जास्त गोड बोलायची खोड आहे. "बरं, एक सांग. तू डोळे मिटून ऐकतोस तेव्हा कशी येते ती तुझ्या डोळ्यांपुढे?"

मी खरं ते सांगितलं. वेणी, मान, पाठ. एक हात चक्रावर, दुसऱ्यातून पाणी.

"पाणी?"

"ठिबकतंय. मनगटावरून."

तिने ताईकडे बघितलं. ताईने स्टोव्ह बारीक केला. बिस्किट हातात तसंच ठेवून भाची म्हणाली, "उद्या मी येऊ तुमच्या मंडळात? नुसती ऐकायला."

"ये की. पण तू कोण ते सांगायचं नाही हं."

"मी कोण आहे ते त्यांना ठरवायचंय मामा, मी कशाला सांगू?"

पोरीला बोलण्यात हार नाही. तिचे वडील फार कमी बोलायचे, ते गेल्यावर उरलेलं सगळं बोलणं हिच्या वाट्याला आलं असावं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आजचं ऐकणं अपूर्व झालं. भाची कानटोपी घालून, डोळ्यांपर्यंत मफलर गुंडाळून माझ्या मागच्या खुर्चीत बसली. माझी भाची आहे, सर्दी झालीये, एवढंच सांगितलं. पडदे ओढले, कॅसेट लागली. बाहेर ऊन, आत अंधार, पंख्याची घरघर, आणि सुकाणूवालीचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा. मी किंचित पेंगलो असेन, पण शेवटचं वाक्य स्पष्ट ऐकलं. इतक्या वर्षांत ते इतकं जवळून कधीच ऐकू आलं नव्हतं. मानेवर काटा आला.

मात्र पडदे उघडल्यावर मंडळी जरा चमत्कारिक वागली. चष्मेवाले उठले आणि कप गोळा करायला लागले. बाईंनीही त्याच कपांना हात घातला. मास्तर म्हणाले, "द्या इकडे, मी विसळतो." तिघं एका नळाखाली! मास्तर तर भाचीकडे टक लावून बघत होते. तिचा मफलर खाली घसरला होता. तरुण मुलींकडे असं बघू नये हे मी त्यांना एकदा बाजूला घेऊन सांगणार आहे.

बाई छत्री विसरून गेल्या.

२३ फेब्रुवारी

चष्मेवाल्यांनी दुकानात बोलावून घेतलं. वाटलं पत्राची आठवण करतील. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, डोळ्यावर ते जड लोखंडी चौकटीचं यंत्र चढवलं आणि भिंग बदलता बदलता म्हणाले, "शनिवारी कॅसेट तुटली, कळलं का तुम्हाला?"

"कधी?"

"शेवटच्या वाक्याच्या आधी. टेप चाकात गुंतली आणि तटकन तुटली. चाक रिकामं फिरत होतं."

"पण वाक्य तर मी ऐकलं!"

"आम्हीही ऐकलं." भिंग बदललं. "आता कसं दिसतंय?"

"तसंच."

"मास्तर म्हणतात, चुंबकीय अवशेष. टेप तुटल्यावरही आवाज काही क्षण यंत्रात शिल्लक राहतो म्हणे."

मी म्हटलं, मला वाटतं हा संस्कार आहे. वर्षानुवर्षं ऐकलेलं वाक्य मनावर कोरलं जातं आणि वेळ आली की आपणच ते आतून ऐकतो. चौघांनी एकदम ऐकलं, म्हणजे संस्कार चौघांवर सारखा. चष्मेवाल्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. डोळे तपासायचे म्हणून असेल.

"बाई विचारत होत्या, तुमची भाची काय करते?"

"बोलते फार," मी म्हटलं.

"मोतीबिंदू आहे तुम्हाला," ते म्हणाले. "दोन्ही डोळ्यांत. दिव्यांभोवती कडी दिसतात का?"

माझ्या सोन्याच्या कड्यांची अशी वासलात लागली. उजव्या डोळ्याचं आधी करायचं ठरलं आहे. माझ्या वयाला जरा लवकर आहे, पण डॉक्टरीण ओळखीची आहे आणि हात हलका आहे, असं ते म्हणाले.

२६ फेब्रुवारी

वाहिनीकडून भाचीपुढे एक तोडगा आलाय. चाहत्यांचा कल पाहता चेहरा दुसऱ्या नटीचा घ्यावा, कॅलेंडरच्या जवळ जाणाऱ्या. आवाज मात्र भाचीचाच. निर्माता म्हणाला म्हणे, असा आवाज शोधून मिळत नाही. पैसे तेच, नाव श्रेयनामावलीत शेवटी, बारीक अक्षरात.

मला तोडगा आवडला आणि मी जेवताना तसं बोललो. दोन्ही पक्ष राहतात, याला सुवर्णमध्य म्हणतात. शिवाय वाणीचं स्थान देहापेक्षा वरचं, हे आपले पूर्वज सांगून गेले आहेत. आणि घरात उदाहरण आहेच! ताई तरुणपणी टीव्हीवर निवेदिकेच्या मुलाखतीला गेली होती. निवड समितीतल्या तिघांनीही तिचं वाचन डोळे मिटून ऐकलं. मग डोळे उघडले आणि टेलिफोन खात्याचा पत्ता दिला. गुणग्राहक माणसं. निवृत्त होईपर्यंत ताईने एक्स्चेंजमध्ये नंबर जोडून दिले, आणि लोक नुसता तिचा आवाज ऐकायला चुकीचे नंबर मागायचे. हा किस्सा मी नेहमीच खुलवून सांगतो.

आज तो खुलला नाही. भाचीने ताट बाजूला सारलं. ताई उठली आणि गॅलरीत कपडे वाळत घालायला गेली. कपडे दुपारीच वाळत घातले होते. ती ते काढून पुन्हा घालत होती.

"मी काय चुकीचं बोललो?" मी विचारलं.

"काही नाही मामा. तू डोळ्यांचं ऑपरेशन करून घे," भाची म्हणाली.

तिला सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं, तिने आणखी एक आठवडा मागून घेतला. मुदत मागायची कला घरातच आहे.

३ मार्च

ही नोंद अंदाजाने लिहितोय. ओळी टेकडीवर चढत असणार. सकाळी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यावर पट्टी आहे, आणि डाव्याने दिसतं ते दुधात बुडालेलं. दुखत नाही. नुसतं पडून राहायचं आणि ऐकायचं. घराला इतके आवाज आहेत हे मला माहीत नव्हतं. नळाचा थेंब, शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी, ताईच्या चपलांची फरफर.

शेजारच्या खोलीत भाची फोनवर कोणाशी तरी बोलत होती. "नको, तुम्ही झोपा, मी आहे जागी," असं काहीसं. मी कॉटवर ताठ झालो. शनिवारचा आवाज! मग मला तिघांचं कप विसळणं आठवलं. तिघांनीही डोळे उघडले होते. झोपला होता तो फक्त एक संस्कृत पंडित.

ताई पट्टी उचलून थेंब घालायला आली. मी विचारलं, "ताई, कॅसेट तुटल्यावर ती बोलली ना गं?"

"कळलं का? वा! तिला तो भाग तान्हेपणापासून पाठ आहे. त्याच्यावरच झोपायची."

मग मला इतक्या वर्षांत न सुचलेलं सुचलं. "ताई, माइक तूच धरला होतास. म्हणजे तो भाग तू पाहिलास."

"मी होते तिथे."

"मग सुकाणूवाली दिसायला कशी होती? गोरी होती का?"

ती हसली. आवाज न करता हसते ती, पण पलंग हलतो. "आज विचारतोयस, पंडिता?"

"सांग ना."

"मला नाही माहीत रे. मी टीव्हीकडे बघतच नव्हते. माइक तिकडे धरला होता, बघत तुझ्याकडे होते. ताप उतरत नव्हता तुझा. आई कामावरून यायची होती. एका हाताने माइक, एका हाताने कपाळावर ओल्या पट्ट्या. पाणी सगळं मनगटावरून गळत होतं, माझी बाही भिजली. तू सारखा डोळे उघडायचास, जहाज आपटेल म्हणायचास. शेवटी मी म्हटलं, झोप आता, मी जागी आहे. तेव्हा कुठे झोपलास."

सुकाणूवालीचंच वाक्य! योगायोग म्हणावा, की ताईने ऐकता ऐकता तेच उचललं असावं. लहान वयात माणूस असं उचलतो.

मी हे बोलून दाखवलं. तिने थेंब घातले. मग माझ्या कपाळावर हात तसाच ठेवून म्हणाली, "तिला नुसता आवाज करू नकोस हं. मी नुसता आवाज होऊन नोकरी केली. लोक म्हणायचे, काय गोड बोलता हो बाई. एक जण वर्षभर रोज बोलायचा. एकदा भेटायला आला एक्स्चेंजमध्ये, फुलं घेऊन. मी काचेमागून हात केला. त्याने पहारेकऱ्याला विचारलं, त्या बाई आज आल्या नाहीत का."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुझा किस्सा खुलायचा थांबला असता."

पट्टीखाली डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, असं डॉक्टरीण बजावून गेलीये. फार अवघड सूचना आहे ही.

७ मार्च, शनिवार

पट्टी निघाली. पांढरा रंग इतका पांढरा असतो? चष्मेवाल्यांच्या खोलीच्या भिंती मी पिवळ्या समजत होतो. त्या निळ्या आहेत. कॅलेंडर मात्र फिकट निघालं. सुकाणूवालीला एका हाताला सहा बोटं आहेत.

"बोटं मोजा," मी मास्तरांना म्हटलं. त्यांनी मोजली. गणिताचे असल्यामुळे दोनदा.

मग मी पत्र वाचून दाखवलं. हे सबंध पत्र: "आम्ही सुकाणूवालीला कधीही पाहिलेलं नाही. ती गोरी होती असं आम्ही मानत आलो ते एका चित्रावरून, आणि त्या चित्रकारानेही तिला पाहिलेलं नाही. तिचा आवाज आम्ही ओळखतो. तो ज्या मुलीकडे आहे, त्या मुलीचाच चेहरा असावा. आवाज आणि चेहरा यांची फारकत करू नये." एकही उपमा नाही. ती मुलगी माझी भाची आहे, हेही मी सांगून टाकलं.

"ते मफलर घसरला तेव्हाच कळलं," चष्मेवाले म्हणाले.

मास्तर खिडकीशी उभे होते. "मला पटलेलं नाही," ते म्हणाले. "पुरावा नाही म्हणजे काहीही चालेल असं नसतं."

"बरोबर," मी म्हटलं. "पुरावा ताईकडे असेल वाटलं होतं. पण तीही टीव्हीकडे बघत नव्हती." आणि मी पट्ट्यांची, मनगटावरच्या पाण्याची हकिकत सांगितली. ओघात त्या वाक्याचा योगायोगही सांगितला, गंमत म्हणून.

कोणी हसलं नाही. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला. त्यांनी तुटलेली टेप बारीक चिमट्याने जोडून ठेवली होती. ती लावली आणि शेवटचं वाक्य ऐकवलं. मागे घेऊन पुन्हा ऐकवलं.

"माइक बदललेला नाही," मास्तर हळूच म्हणाले. "माइकच्या अलीकडून आलंय."

मला वाटलं ते आता त्यांचा चुंबकीय सिद्धांत काढतील. काढला नाही. खुर्चीत बसले आणि सही करायला पेन मागितलं.

बाईंनी सगळ्यात शेवटी सही केली. "हे कॅलेंडर माझ्याही खोलीत होतं," त्या म्हणाल्या. "शाळेत असताना. रोज त्याच्याकडे बघून क्रीम लावायचे. अजून विकतेच आहे." पेनचं टोपण लावून म्हणाल्या, "तुमच्या ताई इकडे येतील का हो एकदा?"

"तिला कुठे या मालिकांचं वेड आहे?" मी म्हटलं.

तिघंही माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की, दुसऱ्याही डोळ्याचं ऑपरेशन लवकर उरकावं असं मला वाटलं.

२१ मार्च, शनिवार

भाचीचा करार झाला. चेहरा तिचा, आवाज तिचा. पत्रामुळे झाला असं प्रसिद्धी अधिकारी म्हणतो, पण तो सगळ्यांना सगळंच म्हणतो. ती मात्र सांगते की स्क्रीन टेस्टमुळे झाला. तिने एका हातात चक्र धरलं आणि दुसऱ्या हातात ओलं फडकं. मनगटावरून पाणी गळत होतं. दिग्दर्शकाने विचारलं, हे काय? ती म्हणाली, मूळ भागात असंच आहे. त्यांनी खात्री करायला मंडळाला फोन लावला.

"मग काय सांगितलंत?" मी चष्मेवाल्यांना विचारलं.

"डोळे मिटून बघितलं आणि म्हटलं, होय. असंच आहे."

"आणि रंगाचं?"

"त्याचं त्यांनी विचारलंच नाही."

आज ताई आमच्याबरोबर आली होती. जिना चढताना दोनदा म्हणाली, मला काय कळतंय त्यातलं. बाईंनी तिला स्वतःची खुर्ची दिली. मास्तर उभे राहिले, वर्गात तपासनीस आल्यावर उभे राहतात तसे. कॅलेंडर भिंतीवर नव्हतं. त्याच्या जागी भिंतीचा एक जास्त निळा चौकोन होता.

पडदे ओढले. कॅसेट लागली. विझलेला तारा, झोपलेले खलाशी, पाण्याखालून येणारा तो आवाज. मी डोळे मिटून कॉटवर होतो, खुर्चीत होतो, जहाजात होतो. सुकाणूवाली पाठ करून उभी होती. शेवट जवळ आला तसा मला धीर धरवेना. नवा डोळा आहे, वापरायला नको? मी तो हळूच उघडला.

पडद्याच्या फटीतून उन्हाची एक रेघ ताईच्या तोंडावर पडली होती. तिने डोळे मिटले होते. "झोप आता," कॅसेट म्हणाली, आणि ताईचे ओठ हलले. "मी जागी आहे." पुन्हा हलले. एका क्षणाचंही अंतर नाही. उजवा हात मांडीवर उताणा होता, काहीतरी ओलं धरल्यासारखा.

खरखर सुरू झाली. चष्मेवाल्यांनी नाक शिंकरलं.

कप मी विसळले.